बॅटरी वाढवण्याआधी पंखा पाहा



गेल्या पावसाळ्यात दोन दिवस वारा सुटला आणि आपल्या गटातला आडसाली ऊस आडवा झाला, हे आपण सर्व जाणताच. लोळलेला ऊस म्हणजे नुसती जाळी. त्यात चिटबॉयला शिरता येत नाही. बांधावर उभं राहून बघितलं तर पहिल्या चार सऱ्या दिसतात, पलीकडे काय झालंय ते कोणालाच कळत नाही. म्हणून गटातल्या पोरांनी वर्गणी काढून बांधलेला कॅमेऱ्याचा ड्रोन त्या दिवशी वर सोडला. विचार चांगला होता. वरून फोटो घ्यायचे, कोणाचा ऊस किती लोळला ते कागदावर आणायचं, आणि तोडणीच्या प्रोग्रॅममध्ये त्या उसाला आधी नंबर मिळावा म्हणून ते कागद शेतकी विभागापुढे ठेवायचे.

झालं असं, की देवळाजवळच्या शिवारापासून सुरुवात केली. दहा-बारा मिनिटं फोटो झाले आणि बॅटरीनं मान टाकली. दुसरी बॅटरी चढवली, तिचीही तीच गत. तिसरी नव्हतीच. चार्जिंगला लावायची तर लाईट गेलेली. दिवस मावळला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस, आणि ओढ्याकाठची सगळी शेतं फोटोविना राहून गेली. म्हणजे कालव्याचं पाणी जसं टेलला पोहोचत नाही, तसा आता ड्रोनही टेलला पोहोचत नाही. माझं शेत देवळाला लागून आहे, माझा फोटो निघाला, नंबरही लागला. त्यामुळे मी हे स्वतःच्या पदरात काही पाडून घेण्यासाठी लिहीत नाही. पण ओढ्याकाठच्या एका सभासदाचा ऊस उंदरांनी खाऊन आणि खालून मुळ्या फुटून निम्मा वजनाला गेला. त्या माऊलीनं मला विचारलं, "नाना, तुमचा तो भुंगा आमच्याकडे का फिरला नाही?" तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता पोरांनी तोड काढली आहे. वर्गणी पुन्हा काढायची आणि दुप्पट क्षमतेची बॅटरी घ्यायची. गटाच्या बैठकीत सर्वांनी माना डोलावल्या. मी एकट्यानं विरोध केला. तेव्हा पोरं म्हणाली, "नाना, तुमचा जमाना पाण्याच्या पंपाचा, ड्रोनचं तुम्हाला काय कळणार?" खरं आहे. मी कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात सबंध उमेद घालवली ती मोटारी गुंडाळण्यात. पण मोटर ती मोटरच, मग ती विहिरीत पाणी उचलो की हवेत वजन. आणि हिशोब तर कोणालाही करता येतो. बैठकीत बोलायला वेळ मिळाला नाही, तो हिशोब इथं मांडतो.

आपल्या गटाचा ड्रोन मी तराजूवर ठेवून तोलला. कॅमेरा, बॅटरी, चार मोटारी, चार पंखे असं सगळं मिळून १ किलो ६०० ग्रॅम भरलं. त्यात बॅटरी एकटीच ५०० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वजन हे नुसतं इंधनाचं. बॅटरीवर लिहिलंय १४.८ व्होल्ट, ५००० मिलीअँपिअर-तास. गुणाकार केला की ७४ वॉट-तास. घरच्या मीटरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, त्याच्या तेराव्या हिश्श्याइतकी वीज. तीही शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची नाही, पाचवा हिस्सा शिल्लक ठेवून खाली उतरायचं, नाही तर बॅटरी फुगते. हाती राहिले ५९ वॉट-तास. हवेत एका जागी तरंगत राहायला आपला ड्रोन १७५ ते १८० वॉट खातो. भागाकार करा. वीस मिनिटं येतात, आणि प्रत्यक्षातही तेवढीच मिळतात.

आता बॅटरी दुप्पट केली तर काय होईल? चाळीस मिनिटं? तसं असतं तर मी पहिला वर्गणी दिली असती. बॅटरी दुप्पट म्हणजे वजन २ किलो १०० ग्रॅम. आणि हवेत तरंगणाऱ्या वस्तूचा नियम असा आहे, की वजन वाढतं त्याहून ताकद जास्त वाढते. वजन दीडपट केलं तर लागणारी ताकद दीडपट होत नाही, १.८ पट होते. बैलगाडीत दोन पोती जादा टाकली की बैल तेवढ्याच हिशोबानं जादा दमतो, इथं तसं नाही. आपल्या ड्रोनला २ किलो १०० ग्रॅम वजनावर २६५-२७० वॉट लागतील. दुप्पट वीज, पण दीडपट खर्च. हाती मिळतात सव्वीस-सत्तावीस मिनिटं. तिसरी बॅटरी बांधली तर एकोणतीस. म्हणजे दुसऱ्या बॅटरीनं सहा-सात मिनिटं दिली, तिसरीनं दोन. चौथीची गोष्टच नको, कारण तोवर मोटारींच्या अंगात ते वजन उचलून शिवाय वाऱ्याशी झगडायची ताकद उरलेली नसेल.

मग जादा वेळ आणायचा कुठून? तो पंख्यात आहे. तेवढंच सांगायला हा कागद काळा केला.

घरात बघा. छताचा पंखा ४८ इंची. तो मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे सावकाश घेतो, आवाज करत नाही आणि सगळ्या खोलीला वारा देतो. आता टेबलावरचा नऊ इंची पंखा घ्या. खोलीभर तेवढा वारा त्याच्याकडून काढायचा म्हटलं तर तो किंचाळायला लागेल, आणि तरी जमणार नाही. कारण उघड आहे. थोड्या हवेला जोरात ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवेला हळू ढकलणं स्वस्त पडतं. ड्रोन हवेत राहतो तो हवा खाली ढकलून. दहा इंची पंख्याखाली हवेची जेवढी चकती येते, तिच्या सव्वादोन पट चकती पंधरा इंची पंख्याखाली येते. हवा जास्त सापडली की ती हळू ढकलली तरी तेवढंच वजन उचललं जातं. हिशोबच करायचा तर, वजन तेच ठेवून पंख्याचा व्यास दीडपट केला तर ताकद दोन-तृतीयांशच लागते.

हा हिशोब काही ड्रोनवाल्यांनी काढलेला नाही. रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनियरनं १८६५ साली जहाजाच्या पंख्यासाठी तो मांडला. आपल्या बॉयलर-टर्बाइनच्या मंडळींना हे नाव परकं नाही. ज्याच्या नावाची सायकल ते रोज चालवतात तोच हा गृहस्थ. वाफेतही त्याचंच आणि वाऱ्यातही त्याचंच.

मोठा आणि हळू पंखा काय करू शकतो याचा एक दाखला देतो. २०१३ साली कॅनडातल्या टोरांटोजवळ एका बंदिस्त मैदानात टॉड रायकर्ट नावाचा माणूस सायकलचे पायडल मारत जमिनीवरून वर उचलला गेला. इंजिन नाही, बॅटरी नाही, नुसते पाय. तो ६४ सेकंद हवेत राहिला आणि ३.३ मीटर उंच गेला. त्यासाठी अमेरिकेतल्या हेलिकॉप्टरवाल्यांच्या संस्थेनं १९८० सालापासून ठेवलेलं सिकोर्स्की बक्षीस त्या चमूला मिळालं. तेहतीस वर्षं ते कोणी जिंकलं नव्हतं. त्या यंत्राला आपल्या ड्रोनसारखेच चार पंखे होते, फक्त एकेकाचा व्यास होता वीस मीटर. माणसाच्या पायात ताकद ती किती, पण पंखे तेवढे मोठे आणि तेवढे सावकाश फिरले म्हणून ती पुरली. दहा इंची पंखे लावून तोच माणूस पायडल मारत बसला असता तर घाम निघाला असता, यंत्र नाही.

इथवर ऐकल्यावर माझ्या पुतण्यानं जे केलं ते कोणीही करू नये, म्हणून सांगतो. चूक त्याची नाही, माझी. मी अर्धंच सांगितलं. "पंखा मोठा पाहिजे" एवढं ऐकून त्यानं बाजारातून १३ इंची पंखे आणले. ते ४५० मिलिमीटरच्या सांगाड्यावर बसेनात, कारण त्यात शेजारच्या दोन मोटारींतलं अंतर ३१८ मिलिमीटर आणि पंखा ३३० मिलिमीटरचा, पाती एकमेकींना लागतात. म्हणून पठ्ठ्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडून हात लांब केले. मोटारी मात्र जुन्याच ठेवल्या. घराच्या अंगणात ड्रोन झकास उठला, आवाजही कमी झाला. आम्ही दोघं खूश. मग उसावर नेला. पाचव्या मिनिटाला वाऱ्याचा झोत आला, ड्रोननं सावरायला जोर लावला, आणि एका मोटरचा स्पीड कंट्रोलर धूर सोडून बंद पडला. ड्रोन सरळ उसात. शोधायला तीन तास लागले. पाल्यानं हात चिरून निघाले, आणि सापडला तेव्हा कॅमेऱ्याची मान मोडलेली. मोटर हातात घेतली तर वेटोळी काळी पडलेली, वास तोच, जो मी कारखान्यात उभ्या जन्मात हजारदा घेतला आहे.

हे असं का झालं? कारण पंखा बदलला की मोटर बदलावी लागते. पाच एचपीच्या मोटरवर मोठा इंपेलर चढवला तर काय होतं ते आपल्यापैकी कित्येकांनी पदरचे पैसे घालवून पाहिलं आहे. पंखा मागतो तेवढा पीळ मोटरला देता आला नाही की ती अँपिअर ओढत राहते, आणि अँपिअर वाढले की तांब्यात उष्णता वाढते. तीही सरळ नाही, वर्गानं. दुप्पट अँपिअर, चौपट उष्णता. उन्हाळ्यात लाईन डिम झाली की विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्याचंही मूळ हेच.

ड्रोनच्या मोटरवर एक आकडा छापलेला असतो, त्याला केव्ही म्हणतात. केव्ही म्हटलं की आपल्याला अकरा केव्हीची लाईन आठवते. हे ते नव्हे. हा केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर रिकामी किती फेरे घेते तो आकडा. आपल्या ड्रोनच्या जुन्या मोटारी ९०० केव्हीच्या. १४.८ व्होल्टवर त्या रिकाम्या मिनिटाला तेरा हजारांवर फेरे घेतात. दहा इंची पंख्याला तरंगताना साधारण ५३०० फेरे लागतात, त्याला ही मोटर चालते. पण पंधरा इंची पंख्याला तरंगायला अडीच हजार फेरे पुरतात. त्याला मोटर पाहिजे ३४० ते ४०० केव्हीची. जास्त वेढ्यांची, हळू फिरणारी, पण पिळाला जबरदस्त. आपल्या मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच घेतात, पण त्यात सापडलेलं कांडं सुटत नाही. उलट फायबरायझर पाहा, गरगर फिरतो. दोन्ही कामाचे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

मोटरवर आणखी चार अंकी आकडा असतो, २२१२ किंवा ४००८ असा. त्यातले पहिले दोन अंक आतल्या गाभ्याचा व्यास, पुढचे दोन त्याची उंची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मोठ्या पंख्याला रुंद आणि चपटी मोटर चांगली, म्हणजे ४० मिलिमीटर व्यासाची आणि सहा-आठ मिलिमीटर उंचीची. चुंबक मध्यापासून जितका लांब तितका त्याचा पीळ जास्त. लांब दांड्याच्या पान्यानं नट लवकर सुटतो ना, तसंच.

पंख्यावरही दोन आकडे असतात. पंधरा बाय पाच म्हणजे व्यास पंधरा इंच आणि पातीचा तिरकेपणा असा, की लोण्यात फिरवला तर एका फेऱ्यात पाच इंच पुढे सरकेल. एका जागी तरंगायचं असेल तर तिरकेपणा कमी बरा. शर्यतीच्या ड्रोनला जास्त लागतो, आपल्याला शर्यत लावायची नाही. दोन पात्यांचा पंखा घ्यावा. तीन पात्यांचा दिसायला दमदार, पण तो जागा कमी असेल तर वापरायचा, विजेच्या हिशोबात मार खातो. आणि पंखा कार्बनचा ताठ असावा, तोल साधलेला असावा. लेचापेचा पंखा थरथरतो, आणि ती थरथर कॅमेऱ्यात जाऊन फोटोतल्या सऱ्या नागमोडी दिसतात. मग लोळलेला ऊस कोणता आणि उभा कोणता हेच कळत नाही.

विकत घेताना दुकानदार एक तक्ता दाखवतो. अमुक मोटर, अमुक पंखा, इतका टक्के जोर, इतके ग्रॅम उचल, इतके वॉट. त्यातली १०० टक्के जोराची ओळ सगळ्यांना भुरळ घालते, "एकेक मोटर दोन किलो उचलते!" त्या ओळीवर बोट ठेवू नका. आपल्या ड्रोनचं एकूण वजन चारानं भागा, आणि तेवढे ग्रॅम ज्या ओळीत आहेत ती ओळ वाचा, कारण आपला ड्रोन दिवसभर त्याच ओळीवर जगणार आहे. तिथं एका वॉटला किती ग्रॅम उचलले जातात तेवढंच बघायचं. आपला आजचा ड्रोन वॉटला ९ ग्रॅम उचलतो. पंधरा इंची पंख्यानं आणि योग्य मोटरनं तो आकडा साडेबारा-तेरावर न्यायचा. शंभर टक्क्यांची ओळ फक्त एवढ्यापुरती पाहायची, की चारही मोटारींची मिळून कमाल उचल वजनाच्या दुप्पट तरी आहे का. ती नसेल तर वाऱ्यात ड्रोन हातचा गेलाच म्हणून समजा.

आता मोठ्या पंख्यातली खोटही सांगितली पाहिजे, नाही तर उद्या लोक मलाच धरतील. पंधरा इंची पंख्याला सांगाडा मोठा लागतो, ६५० मिलिमीटरच्या घरातला. मोटारी जड होतात. सगळं मिळून २०० ग्रॅम तरी वाढतं, तेही सांगाडा कार्बनच्या नळ्यांचा असेल तरच. म्हणजे ड्रोन १ किलो ८०० ग्रॅमचा होतो आणि दोन-तृतीयांशाची सगळी बचत हातात येत नाही. शिवाय मोठा पंखा आळशी असतो. हलका पंखा क्षणात वेग बदलतो, जड पंख्याला दम लागतो, त्यामुळे झोतात ड्रोन जरा डुलतो. मोटरसायकलवर मागं धरून नेता येत नाही. खर्चही होतो, मोटारी, कंट्रोलर, पंखे, सांगाडा, सगळं नवं. एवढं करून त्याच जुन्या बॅटरीवर हाती मिळतात पंचवीस मिनिटं.

पोरं म्हणतील, "म्हणजे नाना, एवढा खटाटोप पाच मिनिटांसाठी?"

हो, पाच मिनिटांसाठी. पण ती पाच मिनिटं कसली ते बघा. वीस मिनिटांतली आठ मिनिटं वर चढण्यात, शेतापर्यंत जाण्यात, परत येण्यात आणि जपून उतरण्यात जातात. ती काही केल्या चुकत नाहीत. फोटोचं काम होतं बारा मिनिटं. पंचवीस झाली की काम होतं सतरा मिनिटं. वेळ चौथाईनं वाढला, पण काम दीडपटीच्या जवळ गेलं. कॅमेऱ्याचा पट्टा पंचवीस मीटरचा धरला आणि वेग सेकंदाला पाच मीटर, तर वळणं सोडून मिनिटाला पावणेदोन एकरांवर शिवार टिपलं जातं. पाच मिनिटं म्हणजे आठ-नऊ एकर. ओढ्याकाठच्या आपल्या किती सभासदांचं सबंध क्षेत्रच तेवढं नाही!

आणि खरी गंमत पुढं आहे. पंखा हळू झाला, अँपिअर कमी झाले, की बॅटरीची जात बदलता येते. आज आपण वापरतो ती मऊ पिशवीची लिथियम पॉलिमर. तिचा गुण असा, की ती एकदम पुष्कळ करंट देऊ शकते, आणि अवगुण असा, की वजनाच्या मानानं साठा कमी. आपली बॅटरी किलोला दीडशे वॉट-तासांच्या आसपास भरते. दुसरी जात नळकांडी सेलची, २१७०० आकाराची, लिथियम आयन. विजेच्या गाड्यांतही असे सेल असतात. एक सेल सत्तर ग्रॅमचा आणि त्यात अठरा वॉट-तास, म्हणजे किलोला अडीचशे. पण हे सेल सावकाश देणारे. त्यांच्याकडून एकदम ओरबाडून घेतलं तर व्होल्टेज बसतं आणि सेल तापतात.

चार सेल एका माळेत, अशा दोन माळा जोडल्या तर आठ सेल होतात. वायरी धरून सहाशे ग्रॅम, आणि साठा १४४ वॉट-तास. म्हणजे बॅटरी शंभर ग्रॅमनंच जड आणि वीज जवळजवळ दुप्पट. मोठ्या पंख्यांच्या ड्रोनवर ती बसवली की एकूण वजन १ किलो ९०० ग्रॅम, लागणारी ताकद १५० ते १५५ वॉट, आणि पाचवा हिस्सा शिल्लक ठेवून कागदावर पंचेचाळीस मिनिटं. शेतात चाळीस मिळाली तरी मी नारळ फोडीन.

इथं कोणी हुशार मला अडवील, की मग नुसती ही नळकांडी बॅटरीच जुन्या ड्रोनवर का बांधू नये? प्रश्न रास्त आहे. बांधली तर कागदावर पस्तीस मिनिटं येतात, हे मी लपवत नाही. पण छोटे पंखे झोतात जोर लावताना एकेका सेलकडून वीस अँपिअरच्या घरात मागतात, आणि जास्त साठ्याचे सेल बहुधा दहा अँपिअरपर्यंतचे असतात. मोठ्या पंख्याचा ड्रोनही पूर्ण जोरात पंधरा मागतो, पण क्षणभर, आणि त्याला तो जोर कमी वेळा लावावा लागतो. म्हणून सेल घेताना त्याच्या कागदावरचा सतत किती अँपिअरचा तो आकडा वाचून, थोडा साठा सोडून थोडा दमदार सेल घ्यावा. आणि सेल नवे, खात्रीच्या दुकानातून पावती घेऊन घ्यावेत. भंगारातल्या लॅपटॉपचे सेल काढून माळ ओवायची कल्पना एकानं बोलून दाखवली. ती कल्पना त्यानं स्वतःच्या गोठ्यातही करून बघू नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती दुप्पट बॅटरीवाल्यांनी कान देऊन ऐकावी. २०२१ च्या ड्रोन नियमांत वजनाप्रमाणे वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथपासून २ किलोपर्यंत मायक्रो, आणि २ किलोच्या वर २५ किलोपर्यंत स्मॉल. मायक्रो वर्गातला ड्रोन धंद्यासाठी नव्हे अशा कामाला उडवायचा तर उडवणाऱ्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोच्या वर गेलात की लागतं. दुप्पट बॅटरीचा ड्रोन भरतो २ किलो १०० ग्रॅम. म्हणजे सहा मिनिटांपायी आपण त्या शंभर ग्रॅमांनी आपल्या पोरांना नियमाच्या पलीकडे उभं करणार. काही घडलं, कोणाच्या घरावर पडला, तर पोलीस पाटील वजनकाटा आणायला सांगेल तेव्हा काय सांगायचं? नोंदणीचा नंबर दोन्हीकडे लागतोच, तो आपण घेतलेला आहे. कारखान्यानं उद्या अधिकृत ऊसनोंदीसाठी ड्रोन घेतला तर तो मान्यताप्राप्त नमुन्याचाच घ्यावा, उडवणारा प्रमाणपत्रवाला असावा, आणि त्या ड्रोनच्या मोटारींना नि पंख्यांना आपण हात लावू नये. तिथं पंखा बघायचा तो खरेदीच्या वेळी, नंतर नाही.

त्या खरेदीबद्दल मागणं एवढंच, की संचालक मंडळानं कोटेशन मागवताना "कमाल उड्डाणकाळ" एवढाच रकाना ठेवू नये. जाहिरातीतला तो आकडा वारा नसताना, बॅटरी पार तळाला नेऊन काढलेला असतो. एकूण वजन किती, पंख्याचा व्यास किती, तरंगताना किती वॉट, आणि आपल्या कॅमेऱ्यासह वाऱ्याच्या दुपारी आपल्या शिवारात किती मिनिटं, हे चार रकाने असावेत. चौथा रकाना विक्रेत्यानं आपल्यासमोर उडवून भरावा. जो कां-कूं करील त्याचं पाकीट बाजूला ठेवावं. पंप घेताना आपण पाणी पडलेलं पाहिल्याशिवाय पैसे देतो का?

गटाच्या ड्रोनपुरतं सांगायचं तर माझ्या हिश्श्याची वर्गणी मी देणार आहे, पण मोटारींना आणि पंख्यांना, दुप्पट बॅटरीला नाही. जळालेली मोटर आणि १३ इंची पंखा गट ऑफिसात टेबलावर ठेवला आहे, ज्याला शंका असेल त्यानं हातात घेऊन पाहावा. शेजारी तराजूही आहे. ओढ्याकाठच्या सभासदांनी आपापले गट नंबर आणि क्षेत्र चिठ्ठीवर लिहून तिथंच द्यावं. नवे पंखे बसले की पहिलं उड्डाण ओढ्याकडून करायचं आणि देवळाजवळचं शिवार शेवटी घ्यायचं, एवढं पोरांकडून मी कबूल करून घेतलं आहे.